बोटभर अंतर

तिसरा डबाही उडाला. पंचवीस पावलांवरचा झाला, पन्नासावरचा झाला, आणि आता शंभरावरचा. गोळी कोरड्या नाल्याच्या दरडीत घुसली, डबा गडगडत खाली आला. गायत्रीनं रायफलीच्या दस्त्यावरून गाल उचलला.

"चाचा, आता डुक्कर."

पाशामियाँ खाली पडलेली रिकामी काडतुसं वेचू लागले. जळकोटात त्यांचं शिलाईचं दुकान होतं, आणि गायत्रीच्या आप्पांचे, म्हणजे वडील वीरप्पांचे, ते शिकारीतले जोडीदार. शिकारी म्हणायचं ते आपलं म्हणायला. पीक राखायला म्हणून वीरप्पांकडं परवान्याची रायफल होती. रानडुकरं आली की गाव त्यांनाच बोलवायचं. आणि उभ्या जन्मात त्यांच्या गोळीनं एक डुक्कर मेलं नव्हतं. धूळ उडायची, डुक्कर पळायचं, गाव हसायचं.

"वीरप्पांच्या हातनं डुक्कर मरायचं असंल," शेजारच्या महानंदामावशी म्हणायच्या, "तर ते हसून हसूनच मरंल!"

आप्पा गेल्यावर मावशी भेटायला आल्या, तेव्हाही डोळे पुसता पुसता त्यांना हे आठवलंच. सगळे हसले. गायत्रीही हसली. मग रिकामे कप घेऊन आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

रीतसर अर्ज करून परवाना तिनं आपल्या नावावर करून घेतला. वनखात्याकडून एका डुकराची परवानगीही आणली. उद्या सकाळी मावशींच्याच मक्यात, मावशींच्याच डोळ्यांदेखत डुक्कर पाडायचं. मग बघू कोण हसतंय.

"डबे बास झाले," ती म्हणाली. "आप्पा कशावर सराव करायचे, ते लावा."

पाशामियाँ स्कूटरकडं गेले आणि गोणपाटात गुंडाळलेली एक प्लायवूडची फळी घेऊन आले. तिच्यावर त्यांनीच कापड आखायच्या खडूनं डुक्कर काढलं होतं. अंगानं भरलेलं, शेपटीला पीळ असलेलं. गायत्रीनं ते निरखून पाहिलं. फळीला भोकं पुष्कळ होती. डुकराच्या अंगावर एकही नव्हतं.

"एवढी वर्षं, चाचा! एकबी लागली न्हाय?"

"असं न्हाय बेटा. असं बघ."

त्यांनी फळी उचलून सूर्यासमोर धरली. भोकाभोकातून ऊन आलं, आणि उजेडाच्या ठिपक्यांचं एक डुक्कर हवेत उभं राहिलं. कानावरून, पाठीवरून, पोटाखालून ठिपके गेले होते, खडूच्या रेघेपासून सगळीकडं बोटभर अंतर राखून. शेपटीचा पीळसुद्धा आप्पांनी सोडला नव्हता.

गायत्रीनं शेपटीच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"मुद्दाम?"

"मग काय! मेलेलं डुक्कर कुणाला काय सांगणार? दुसऱ्या दिवशी दुसरं येतं. कानाजवळनं गोळी गेलेलं मात्र घरी जाऊन सगळ्या कळपाला सांगतं. आपल्या शिवारातला मका कधी डुकरांनी आडवा केला व्हय?"

"अन् गाव हसायचं ते? सांगायचं तरी लोकास्नी!"

"म्या बी हेच म्हटलं हुतं. तर म्हनला, पाशा, गावाला सांगितलं की डुकरालाबी कळतंय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मक्यातून डुक्कर बाहेर आलं आणि मातीच्या उंच भरावाखाली उभं राहिलं. चांगलं भरलेलं, शंभर पावलांच्या आतलं. मावशी पदर खोचून मागच्या बांधावर उभ्या होत्या. शेजारी पाशामियाँ. गायत्रीनं दस्त्याला गाल लावला. श्वास धरला. नेम धरला, सोडला, परत धरला.

बार झाला. डुकराच्या कानामागं, बोटभर अंतरावर, भरावावरची माती उडाली. डुक्कर शिवार सोडून जे सुटलं ते ओढ्यापलीकडं दिसेनासं झालं.

"चुकला!" मावशी पोट धरून ओरडल्या. "आगं, लई गाजावाजा केलास! पार बापावर गेलीस की गं!"

गायत्रीनं रायफल खाली घेतली. आप्पा गेल्यापासून सगळा गाव भेटून गेला होता, पण इतकं बरं वाटेल असं कुणीच काही बोललं नव्हतं.