उपाध्यक्षबाईंची सही

"आमचा कागद पुरेसा आहे, जजसाहेब," बँकेचे वकील हॅलोरन म्हणाले. "हप्ते थकलेत. आमच्या उपाध्यक्षांनी खातं स्वतः तपासून तसं शपथेवर लिहून दिलंय. निकाल द्या, म्हणजे घराच्या लिलावाची तारीख घेता येईल."

ओडेसा प्रुइट मान खाली घालून बसली होती. जॅक्सनव्हिलच्या कडेचं ते दोन खोल्यांचं घर सोडलं, तर नवऱ्यामागे तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

तिच्या बाजूने केंड्रा उभी राहिली. गरिबांना फुकट वकील पुरवणाऱ्या संस्थेतली ही मुलगी. वय कोवळं, आवाज मात्र निवृत्त हेडमास्तरांचा.

"माझ्या अशिलाने एकही हप्ता चुकवलेला नाही. बँकेने ते दुसऱ्याच कुणा प्रुइटच्या खात्यात जमा केले. फाइल उघडली असती तरी दिसलं असतं. माणसाला घराबाहेर काढण्याआधी त्याचं खातं वाचणं, हे बँकेवर कायद्याने बंधन आहे. उपाध्यक्षांनी ते वाचलं का, एवढंच मला विचारायचंय."

"लव्हर्न स्टोक्स फार मोठ्या अधिकारी आहेत," हॅलोरन म्हणाले. "त्यांना कुठला वेळ?"

"घर घ्यायला आहे ना?" जज टिबडो म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांना इथे उभं करा. नाही आल्या, तर दावा काढून टाकतो."

बाहेरच्या बाकावर केंड्राने अर्धं सँडविच पुढे केलं. ओडेसाने ते घेतलं नाही.

"पोरी, मिटवून टाक ना. त्या बाईला कशाला बोलावतेस?"

"जिंकतोय आपण, ओडेसाबाई. घाबरता कशाला?"

"बँक थोडीफार सवलत देईल. मी रविवारीही कामाला जाईन."

"जे भरलंय ते पुन्हा भरणार? घर तुमचं जातंय आणि दया तिची येतेय? न वाचता दुसऱ्याच्या घरावर सही ठोकतात. रात्री झोप तरी कशी लागते अशांना?"

"दमल्यावर लागते," ओडेसा म्हणाली.

"ओळखता की काय तिला?"

"उपाध्यक्षांना आपल्यातलं कोण ओळखतं?" ओडेसाने पर्स उचलली. "मला बरं नाही वाटत. तू एकटीच बघ ना आतलं."

केंड्राने तिचा दंड धरला आणि तिला आत नेलं.

सुट्टी संपली. दार उघडलं आणि एक किडकिडीत बाई आत आली. अंगातला कोट उसना असावा. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. तिच्यामागून आणखी कुणी येतंय का, ते हॅलोरन बराच वेळ बघत राहिले. कुणी आलं नाही.

शपथ झाली.

"आपण बँकेच्या उपाध्यक्ष?" जजनी विचारलं.

"हो साहेब. तासाला दहा डॉलर."

टिबडोंनी चष्मा काढला. "असे उपाध्यक्ष आहेत तरी किती?"

"आमच्या टेबलावर आठ. पलीकडच्या टेबलाचं मला माहीत नाही."

हॅलोरन हरकत घ्यायला उठले आणि कशाला घ्यावी ते न सुचून खाली बसले.

केंड्रा पुढे झाली. "मिसेस प्रुइट यांचं खातं तुम्ही वाचलंत?"

"वाचत बसलं तर ढीग संपत नाही, बाई. आणि ढीग संपला नाही, तर उद्या येऊ नकोस म्हणतात."

"म्हणजे न वाचता सही केलीत."

लव्हर्नने कागद डोळ्यांजवळ नेला, मग जरा लांब धरला.

"नाव माझं आहे. सही माझी नाही. संध्याकाळपर्यंत माझं मनगट धरतं, मग उरलेल्या सह्या माझ्या नावाने शेजारी बसणारी करते. सगळ्याच करतात एकमेकींच्या."

"ही कुणी केली?"

लव्हर्नने कागद पालथा ठेवला.

"तुम्ही शपथेवर आहात," केंड्राचा आवाज चढला. "एका विधवेचं घर घालवायला निघालेल्या त्या बाईचं नाव मला हवंय."

लव्हर्नने जजकडे पाहिलं, हॅलोरनकडे पाहिलं, आणि मग केंड्राच्या मागच्या खुर्चीकडे.

"ओडेसा," ती म्हणाली, "तू सांगतेस, की मी सांगू?"