दोन दारांमधली फरशी

"साडेसात इंच भेग तुमच्याकडे, पाच इंच माझ्याकडे. आता बोला!" आईने फुटपाथवर उकिडवं बसून टेप ताणून धरली होती.

शेजारच्या घरात एकटे राहणारे घड्याळवाले काका डोळ्याला भिंग लावून फुटक्या फरशीवर ओणवे झाले. "माप बरोबर आहे, बाई. पण भेग सुरू कुठून झाली? तुमच्या बाजूने. दुखणं तुमचं, औषध मी का आणू?"

"माझ्या बाजूने? आधी ते भिंग पुसा!"

मुलगी आपल्या बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. सकाळचे आठ. ती माहेरी आल्यापासून गेले आठ दिवस रोज आठलाच हे सुरू व्हायचं आणि नऊला काका दुकान उघडायला गेले की थांबायचं. त्याआधी तीन वर्षं ती फोनवर ऐकत होती.

नगरपालिकेचा नियम सरळ होता: ज्याच्या दारासमोरची फरशी, त्याने ती स्वखर्चाने बसवायची. फक्त ही फरशी बरोबर दोन दारांच्या मध्ये आली होती. पोस्टमन ती न बघताच ओलांडायला शिकला होता. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने एकदा सुचवून पाहिलं, "अहो, निम्मे निम्मे द्या आणि मोकळे व्हा." त्यावर दोघंही त्याच्यावर धावून गेले.

"निम्मे? हा तत्त्वाचा प्रश्न आहे!" काका म्हणाले.

"तुम्ही आपल्या गोळ्या विका!" आई म्हणाली.

मुलीला हसू यायचं, पण आता तिची वेळ निघून चालली होती. बाळ पाच महिन्यांचं झालं होतं, रजा महिनाअखेरीस संपत होती. बाळाला सांभाळायला आणि कायमचं राहायला ती आईला न्यायला आली होती. बाबा गेल्यापासून आई इथे शिलाई मशीन आणि चार गिऱ्हाइकं यांच्या सोबतीने राहत होती. मुलीच्या घरी उन्हाची खोली तयार होती. खिडकीखाली मशीनसाठी जागासुद्धा मोजून ठेवली होती.

"येईन की," आई बाळाच्या पोटावर फुंकर घालत म्हणायची. "पण फरशीचा निकाल लागू दे. आत्ता गेले तर हा माणूस गल्लीभर सांगेल, बाई हरली, पळाली."

"आई, एका फरशीसाठी?"

"फरशीसाठी नाही गं. मान असतो माणसाला."

बाळ झोपलेलं, दूध उतू न गेलेलं, अशी दहा मिनिटं त्या दुपारी मुलीला मिळाली. तेवढ्यात तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी बरोबर आठ वाजता तिने गवंडी आणून उभा केला.

"पैसे मी देते," ती दोघांना म्हणाली. "मी ना या दारातली, ना त्या दारातली. म्हणजे कोणी हरलं नाही, कोणी जिंकलं नाही. चालेल?"

काकांनी डोळ्याचं भिंग काढून खिशात ठेवलं. आईने टेप गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. तीन वर्षांत पहिल्यांदाच दोघांकडे मुद्दा नव्हता.

दुपारपर्यंत फरशी बसली. इतकी सपाट, की औषधवाला दुकान सोडून बघायला आला. मुलीने गवंड्याचा हिशेब तिथल्या तिथे मिटवला.

पुढच्या सकाळी आठला आई केस विंचरून बाहेर गेली. काकाही आले. दोघं फरशीच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"छान बसलीय," आई म्हणाली.

"हो. छान आहे."

"पाणी मारायला हवं, नाही?"

"हवं."

आठ वाजून चार मिनिटांनी दोघं आपापल्या घरात गेले.

मुलीने बाळाचा पापा घेतला आणि कपाटावरची बॅग काढली. "आता तरी निघायचं ना?"

"निघायचं," आई म्हणाली. तिने एका दुलईची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. एवढ्या वर्षांचं घर, हात जड होणारच, असं मुलीला वाटलं. तिने आईला मागून मिठी मारली. "बघ, तिकडे गेलीस की रोज बाळ. दिवसभर बाळ."

"तेच तर," आई हसली आणि दोन तासांसाठी धागे आणायला म्हणून बाहेर पडली.

रात्री जेवताना ती भलतीच खुशीत होती. बाळाला मांडीवर घेऊन गाणं काय म्हणत होती, मुलीला आग्रहाने काय वाढत होती. झोपताना मुलीने नवऱ्याला फोन करून सांगितलं, "आई येतेय. खोलीत पडदे लाव."

सकाळी पावणेआठला बाहेर खण्‌ असा आवाज झाला. मुलगी बाळाला घेऊन धावतच दारात आली. परवाचाच गवंडी गुडघ्यावर बसून नव्या फरशीवर छिन्नी ठेवत होता.

"अहो, हे काय करताय? काम झालं ना? पैसेही दिले मी!"

"तुमचं काम झालं, ताई." गवंडी ओशाळून उभा राहिला. "हे दुसरं काम आहे. फरशी पुन्हा फोडून द्यायची. भेग बरोबर मधोमध पाहिजे म्हणालेत."

"कोण म्हणालं?"

"तुमची आई आणि घड्याळवाले. काल आले होते माझ्याकडे. पैसेही देऊन गेले, निम्मे निम्मे."