चौकाच्या कडेकडेने

"सरळ चल ना," इवानो म्हणाला. "ते बघ समोर आईस्क्रीमचं दुकान. मधून गेलो की पोचलोच."

निवेस चौकातल्या ओट्यापाशी थबकली. इटलीतल्या बोलोन्याच्या या मोठ्या चौकाच्या मधोमध वीतभर उंचीचा, फरशीचा लांबरुंद ओटा आहे. दोघं नवरा-बायको सकाळपासून गावातल्या कमानींखालून पाय दुखेपर्यंत हिंडले होते, पण सुट्टीवर आलेल्या इवानोचं तोंड काही दमलं नव्हतं. इथला उंच मनोरा बघून त्याने शेजारच्या एका म्हाताऱ्याला तोंडावर सांगितलं होतं, "आमच्या क्रेमोनाच्या मनोऱ्यापुढे हे पोरगं आहे." गप्प बसला तो एकदाच, मोर्तादेल्लाच्या, म्हणजे इथल्या डुकराच्या मांसाच्या, चकत्या भरलेला पाव खाताना. त्या पावात नाव ठेवायला जागाच सापडली नाही.

"तू हो पुढे," निवेस म्हणाली. "मी कडेने येते."

तेवढ्यात एकच गलका झाला. नुकतीच पदवी मिळालेला एक मुलगा, डोक्यावर हिरव्या पानांचा मुकुट चढवून, ओट्यावर उडी मारून तिरका धावत सुटला. त्याचे दोस्त मात्र ओट्याला वळसा घालून कडेकडेने पळाले. पदवी हातात पडायच्या आधी जो हा ओटा तिरका ओलांडतो, त्याला ती जन्मात मिळत नाही, हे इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात कळतं.

इवानोने त्या पोरांकडे बघितलं, मग बायकोकडे, आणि त्याला हसू फुटलं.

"अगं, तू अजून त्यातच? लेक पोटात होती तेव्हा सोडलंस हे विद्यापीठ. आता त्या लेकीला पोरं झाली. तुला कोण नापास करणार आता?"

हिवाळ्यात निवेसने याच विद्यापीठात पुन्हा नाव घातलं होतं आणि घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. परीक्षेची तिला भीती नव्हती. भीती होती ती इवानो दोस्तांबरोबर पत्ते कुटायचा त्या टेबलाची. तिथे त्याने एकदा ही बातमी फोडली, चार जण खिदळले, की घरात पुस्तक उघडायला आपला हात धजणार नाही, हे ती स्वतःला ओळखून होती.

इवानो ओट्यावर चढला आणि तिरका चालायला लागला. मध्यावर पोचल्यावर त्याने वळून समोरच्या थोरल्या चर्चकडे हात केला.

"हे बघ! खाली संगमरवर, वर नुसत्या विटा. शेकडो वर्षं झाली, पुरं करायचं नाव नाही. अर्धवट सोडायची खोडच आहे या गावाला. चर्च असो, नाहीतर आमची बायको!"

चर्चच्या पायऱ्यांवर बसलेली दोन-चार माणसं हसली. निवेसला ते चांगलंच झोंबलं. पण राग आला की तिचा आवाज कापत नसे, उलट स्वच्छ होई.

"जूनमध्ये माझी तोंडी परीक्षा आहे," ती कडेवरूनच म्हणाली. "लॅटिनची. तेवढी एकच राहिलीय, मग प्रबंध. मी पुन्हा नाव घातलंय, इवानो."

"कधी?"

"नाताळ झाल्यावर."

"नाताळ झाल्यावर तर तू शिवणाच्या क्लासला जायला लागलीस. दर बुधवारी."

"मग एक झबलं तरी शिवलेलं बघितलंस का?"

निवेस त्याच्या हसण्याची वाट बघत उभी राहिली. आता हसला तर एकटीने गाडी पकडून घरी जायचं, आणि परीक्षा तरीही द्यायची, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. ठरवल्यावर तिला एकदम हलकं वाटलं.

इवानो हसला नाही. त्याने खाली आपल्या बुटांकडे बघितलं, मागे बघितलं, पुढे बघितलं. अर्धा ओटा ओलांडून झाला होता.

"नवऱ्यानं ओलांडलं तर बायकोला लागतं का गं?" त्याने विचारलं.

"मला काय ठाऊक? इथे नवरा घेऊन कोण शिकायला येतं?"

"उगाच विषाची परीक्षा नको," इवानो म्हणाला आणि उलटा चालायला लागला.

वळून सरळ चालत यायचं तर तेही त्याने केलं नाही. ज्या वाटेने गेला त्याच वाटेने, पाठमोरा, एकेक पाऊल मागे टाकत, पोट पुढे काढून तो गंभीरपणे परत येत राहिला. कबुतरं उडाली. एका बाईच्या बाबागाडीला त्याचा धक्का लागला, तिची माफीही त्याने न वळताच मागितली. शेवटी ओट्यावरून टाच खाली टेकवून तो बायकोशेजारी येऊन उभा राहिला आणि घाम पुसू लागला. निवेसला तो त्या घडीला फार आवडला. तिने त्याचा हात धरला आणि दोघं वळसा घालून निघाले.

कमानींखाली विद्यार्थ्यांचा एक घोळका बसला होता. त्यांनी सगळा तमाशा बघितला होता. त्यातल्या एका कुरळ्या केसांच्या मुलीने मांडीवरच्या पुस्तकातून मान वर काढली.

"काका, तुमचा कोणता विषय राहिलाय?"

घोळक्यात खसखस पिकली. आता हा काहीतरी टोला हाणणार, असं निवेसला वाटलं.

इवानोने पोट आत घेतलं.

"लॅटिन," तो सगळ्या कमानींना ऐकू जाईल असं म्हणाला. "आमचं लॅटिन राहिलंय. जूनमध्ये आहे."