निवाडा कोंबडीचा

"हे काळं माझंच!" शेजारच्या शेवंताच्या अंगणातलं पिल्लू मुठीत धरून हौसाबाई साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली. "माझं सकाळपासून दिसत नाही आणि तुझ्यात बरं काळं निघालं! चोरटी कुठली!"

दोघींच्या कोंबड्यांची पिल्लं सारखीच सरमिसळ. गावठी, कडकनाथ, उघड्या मानेची, मिळतील ती अंडी दोघींनी हौसेनं वाटून घेऊन उबवायला बसवली होती. कुठलं कुणाचं, ते रंगावरून ठरणार कसं? शेवंता एवढंच म्हणाली, "ने बाई. पण चोर म्हणू नकोस."

हौसाबाईनं घरी येऊन आपल्या कोंबडीवर झाकलेलं डालगं उचललं आणि पिल्लू तिच्यापुढं सोडलं. ते चिवचिवत पंखाखाली शिरायला गेलं, तशी कोंबडीनं पिसं फुलवून त्याच्या डोक्यात चोच हाणली. पुन्हा सोडलं, पुन्हा हाणली. तिची तांबडी, पांढरी, कबरी पिल्लं मात्र पोटाखाली खुशाल बसली होती.

चोरीचा माल लपवावा तसं पिल्लू पदराखाली झाकून हौसाबाई शेवंताकडं परत गेली. आळी अजून दारातच उभी होती. शेवंताच्या कोंबडीनं कुकुक करत पंख उचलला आणि पिल्लू आत गडप झालं.

हौसाबाईची मान वर होईना. शेवंतानं चपला पायात सरकवल्या.

"मग तुझं कुठं गेलं गं? चल, शोधू. वर घार फिरतीय."