राखणीतली मेंढरं

पाचव्या मेंढीचा कान उलटून डॉक्टर चिंतामण यांनी बिल्ल्यावरचा आकडा वाचला. पाचही होत्या. तरी त्यांनी पुन्हा एकदा मोजल्या.

"सगळ्या आहेत ना, धुळाबा?"

"पाची हायती. राखण म्हंजे राखण," मेंढपाळ धुळा म्हणाला.

सांगलीहून वडूजपर्यंत डॉक्टर जीप हाणत आले होते ते संशयानंच. धुळाचा कळप रोडावलाय, माणूस मेंढरं विकत असावा, अशी कुणकुण कंपाउंडर लालासाहेबानं आणली होती. संशय शिरला की तो पायात मोडलेल्या काट्यासारखा, धड चालू देत नाही.

आणि या पाच मेंढ्यांवर सगळं अवलंबून होतं. मेंदूत गाठ असली की औषध तिथवर पोचत नाही, मेंदूच्या रक्तवाहिन्या त्याला दारातच अडवतात. कानाला ऐकू न येणारा आवाज नेमका एका जागी एकवटला, तर ते दार घटकाभर उघडतं. डॉक्टरांनी तसं यंत्र स्वतः जुळवलं होतं. त्यानं मेंदूला इजा होते की नाही, हे मेंढ्यांनी सांगायचं होतं. सांगलीत जागा नव्हती, म्हणून यंत्राखालून काढलेल्या पाच मेंढ्या तीन महिने धुळाच्या राखणीत होत्या.

घरी डॉक्टरांच्या बायकोच्या, ज्ञानदाच्या, मेंदूत गाठ होती. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले होते.

"या मेंढीच्या कानाला खपली कसली?" डॉक्टरांनी विचारलं.

"माश्या बसत्यात."

एरवी चहा घेऊन सामोरी येणारी धुळाची बायको हरणाबाई आज चुलीपुढून उठली नाही. हेही डॉक्टरांना खटकलं. मेंढ्यांची तपासणी त्यांनी जास्तच कसून केली. डोळ्यांत बॅटरी मारली, बांधावरून पळवलं. पाचही सरळ पळाल्या, पाचही हिरव्या पाल्यावर तुटून पडल्या. अशा भल्या माणसावर आपण संशय घेतला, याची त्यांना लाज वाटली.

बुधवारी त्यांनी ज्ञानदाला यंत्राखाली घेतलं.

पुढच्या रविवारी ते पेढे घेऊन वडूजला निघाले. ज्ञानदा उठून बसू लागली होती, नावानं हाक मारू लागली होती. सकाळी स्वयंपाकघरात जाताना मात्र ती डावीकडेच वळत राहिली आणि भिंतीला लागली. अंगात शक्ती नाही अजून, असं डॉक्टरांनी स्वतःला समजावलं.

पेढ्यांचा पुडा त्यांनी हरणाबाईच्या हाती दिला. मग मनातलं ओझं उतरवायचं ठरवून ते धुळाशेजारी घोंगडीवर बसले.

"धुळाबा, माझ्या मनात पाप आलं होतं. तुम्ही मेंढ्या विकल्या असं मला वाटलं होतं."

धुळाचा चेहरा उतरला. हरणाबाईनं पुडा तसाच खाली ठेवला.

"आवं डाक्टर, दुसऱ्याचं मेंढरू इकून खानारी मानसं न्हाई आमी," धुळा म्हणाला. "राखणीत मेलं तर आपल्यातलं भरून द्यायचं, ही आमची रीत. तुमची पाची डावीकडंच गरगर फिरून मेली. त्यांचं बिल्लं आमच्या पाचांच्या कानात घातलं, पर एक बी कमी पडू दिलं न्हाई."