रविवारचा रस्सा

"अरे, आधी लसूण. मग कांदा. किती वेळा सांगू?" दत्ताराम म्हणाला.

विकासने निमूटपणे लसूण ठेचून टाकली. त्याच्या परळच्या दोन खोल्यांत सुक्या बोंबलांचा वास भरला आणि दोघंही लालबागच्या जुन्या चाळीत जाऊन पोचले.

"तुझी आई वाडगा घेऊन निघाली की आम्ही भावंडं आधीच दारात," विकास म्हणाला.

"आणि तू मोठा तुकडा पळवायचास."

दोघं हसले. दत्तारामला पुन्हा हसता यायला लागलं होतं.

आठ महिन्यांपूर्वी दीपिका घर सोडून गेली. बावीस वर्षांचा संसार. मोठं भांडण असं झालंच नाही, बोलणंच आटलं होतं. त्यानंतर दत्ताराम दार लावून नुसता पडून राही. दाढी वाढलेली, जेवणाचा पत्ता नाही. बहीण भेटायला आली, तर तिला दारातूनच परत पाठवलं. "मला काय धाड भरलीय?"

मग एका दुपारी विकास आला. डोळे लाल.

"दत्त्या, कांतापण गेली रे. माहेरी, माटुंग्याला. घर खायला उठतं. रविवारी तरी येत जा."

लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्यासाठी दत्ताराम उठला, अंघोळ केली, बाहेर पडला. त्यानंतर एक रविवार चुकला नाही. त्याने विकासला भात शिकवला, रस्सा शिकवला. विकास दर वेळी काहीतरी करपवायचाच.

मध्ये विकास म्हणाला, "समुपदेशकाकडे जायचंय. एकट्याला धीर होत नाही." दत्ताराम सोबत गेला. तिथे बोलला मात्र तोच. दीपिकाचं बोलला, आईचं बोलला, आणि बोलता बोलता हमसून रडला. विकासने नुसता त्याचा हात धरून ठेवला होता.

आता दत्ताराम कामावर जायला लागला होता. एका शनिवारी सुट्टी होती. बाजारात ताजे ओले बोंबील दिसले. विकास एकटाच बसला असेल, उद्यापर्यंत कशाला थांबायचं, असं म्हणत त्याने ते घेतले आणि परळ गाठलं. बेल वाजवली.

दार कांताने उघडलं. हात पिठाने भरलेले. त्याला बघून ती जागीच थिजली आणि मान वळवून आत ओरडली,

"अहो, भावजी आज शनिवारीच आले! आता मी कुठे जाऊ?"