झुल्याचं यंदाचं पान

यंदाच्या मोजणीत झुल्यापुढे शून्य आलं आणि मोजणीबाईने चष्मा पुसून आकडा पुन्हा पाहिला.

संग्रहालयात सगळे तिला मोजणीबाईच म्हणत. इंटरनेटवरची पानं कोणत्या रूपात बनतात आणि ते रूप वर्षागणिक कसं बदलतं, हे मोजणं तिचं काम. भिंतीवरच्या आलेखापुढे ती अजूनही थक्क होऊन उभी राही. आधी नुसता मजकूर, मग चित्रं, मग हलती चित्रं. जगभरातली माणसं, एकमेकांना न विचारता, एकदमच कूस बदलत होती. कुणी सांगितलं असेल त्यांना?

त्या आलेखाच्या तळाशी झुला नावाचं एक जुनं रूप तग धरून होतं. हाताने चित्र काढायचं, खाली आवाज भरायचा, की झालं झुल्याचं पान. एके काळी अशी पानं घरोघरी बनत. आता वर्षाला एक, तेही एकाच हातचं. शिवणयंत्र आणि त्याची खडखड. झोपलेलं कुत्रं आणि त्याचं घोरणं. ती इथे येण्याआधी एके वर्षी रेषेचं वळण जरा बदललं होतं. वय झालं असेल बिचाऱ्याचं, असं तिने मनाशी धरलं होतं.

"काय चिवट माणूस असेल हो, साहेब!" ती दरवर्षी म्हणायची.

"असेल बुवा," साहेब म्हणायचे.

यंदा तो माणूस गप्प होता. आणि नियम साधा होता: एकही नवं पान सापडलं नाही, तर ते रूप संपलं असं धरायचं आणि ते उघडणारा प्रोग्रॅम बंद करायचा. मग झुल्याची लाखो जुनी पानं कायमची मुकी. तिच्या आईचं हसू त्यातच होतं. ते तिने कधीच दुसऱ्या रूपात उतरवून घेतलं होतं म्हणा, पण बाकीच्यांच्या आयांचं काय?

"आकडा द्या, सही करून टाकतो," साहेब म्हणाले. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते.

"उद्या देते. एकदा परत मोजते."

घरी जाऊन तिने गॅसवरच्या पातेल्याचं चित्र काढलं आणि उकळत्या पाण्याचा आवाज भरला.

नवरा डोकावला. "भोपळा छान आलाय."

"पातेलं आहे ते!"

सकाळी मोजणीत एक पान सापडलं. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण मन खात राहिलं. इतकी वर्षं चोख मोजलं आणि शेवटी आपणच काटा मारला. ती तडक साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, सही करू नका. यंदाचं पान खोटं आहे. मी केलंय."

साहेबांनी पान उघडलं आणि डोळे मिटून ऐकत राहिले. "खोटं कसं? चांगलं उकळतंय की."

"थट्टा नको, साहेब. तो माणूस गेला असेल हो. आणि मी त्याच्या जागी..."

साहेबांनी सही केली, पेनाचं टोपण लावलं.

"गेला नाही, निवृत्त होतोय," ते म्हणाले. "या खुर्चीतल्या माझ्या आधीच्या बाईंनीही जाताना असंच शून्य येऊ दिलं होतं. तेव्हा मोजणीवर मी होतो, आणि मी माझं पहिलं पान काढलं."